आवाराचा इतिहास: विश्रामबाग आणि सातारा

१९१९ साली कृष्णाकाठच्या एकाच टापूत दोन शैक्षणिक कामांना सुरुवात झाली. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगली आणि मिरज यांच्या मधोमध, विश्रामबागेत, विलिंग्डन महाविद्यालय काढले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, भाऊराव पाटलांनी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. विलिंग्डनच्या पाठीशी १८८४ पासून उभी असलेली संस्था, मुंबई विद्यापीठाची संलग्नता आणि मुंबईचे गव्हर्नरपद नुकतेच सोडलेल्या लॉर्ड विलिंग्डनचे नाव होते. रयतच्या पाठीशी ओगले काचकारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेला एक माणूस होता.

२०१९ मध्ये दोन्हीकडे शताब्दी साजरी झाली. आपल्याकडच्या शताब्दी ग्रंथांचा साचा ठरलेला असतो. प्राचार्यांची छायाचित्रे, निकालांचे आकडे, नामवंत माजी विद्यार्थी, देणगीदारांची यादी. ही जमीन आधी कोणाची होती, पिण्याचे पाणी कुठून यायचे, दगड कुठल्या खाणीतला, तो कोणी फोडला, ही झाडे कोणाच्या सांगण्यावरून लागली, असे काही त्यात सापडत नाही. मला हे प्रश्न शोभेचे वाटत नाहीत. शिक्षण कोणासाठी होते आणि ते कोणाच्या कष्टावर उभे राहिले, हे संस्थेच्या भाषणांपेक्षा तिच्या आवारात जास्त स्पष्ट दिसते. ते पाहायचे कसे, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

आवार म्हणजे नुसत्या इमारती नव्हेत. दोन इमारतींमधली मोकळी जागा, फाटक, विहीर, खेळाचे मैदान, वसतिगृहाचा स्वयंपाकघराकडचा भाग, मुलांच्या पायांनी पडलेली वाट आणि कुंपणाबाहेर राहिलेला ओढा हे सगळे त्यात येते. अमेरिकेत अशा अभ्यासाला मोठी परंपरा आहे. तिथल्या विद्यापीठांच्या आखणीवर जाडजूड ग्रंथ निघाले आहेत आणि जुन्या आवारांच्या नोंदीसाठी अनुदानेही मिळाली आहेत. आपल्याकडे वारसा म्हटला की नजर गडकोट, घाट आणि देवळांवरच थांबते. शंभर वर्षांच्या महाविद्यालयाचे कौलारू छप्पर काढून पत्रा टाकला, तर त्याची कोणी बातमीही करत नाही.

आधी पाय, मग कागद

पॅट्रिक गेडेस हा स्कॉटिश नगररचनाकार १९१९ मध्येच मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक म्हणून रुजू झाला. भारतातल्या कितीतरी शहरांवर त्याने अहवाल लिहिले. त्याचा आग्रह असा की नकाशावर रेघ मारण्याआधी गाव पायांखालून घालावे. आवाराच्या संशोधकालाही हाच नियम लागू आहे. आवारात एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसात फिरायला हवे. पावसात पाणी कुठून कुठे वाहते ते दिसते, आणि जुन्या माणसांनी इमारत नेमकी त्याच उंचवट्यावर का बांधली याचे उत्तर बऱ्याचदा तिथेच मिळते.

सांगलीत तर उंचीचा प्रश्न जीवनमरणाचा आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांवर गेली की धोका मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या पुढे गेली आणि गावभाग, मारुती चौक हा जुन्या वस्तीचा भाग पाण्याखाली गेला. विश्रामबाग नदीपासून दूर, मिरजेच्या बाजूला आहे. विलिंग्डन तिथे आले १९१९ मध्ये आणि त्याच्या शेजारी १९४७ मध्ये धोंडूमामा साठ्यांनी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, जे पुढे वालचंद या नावाने ओळखले जाऊ लागले. संस्थानी काळात ही जागा दोन राजधान्यांच्या मधली होती. सांगलीचे पटवर्धन संस्थान वेगळे, मिरजेचे वेगळे. १९०७ पासून मिरज आणि सांगली यांच्यामध्ये मीटरगेजची गाडीही धावत होती. शेजारच्या संस्थानांतून आणि कर्नाटकातून येणारा विद्यार्थी मिरज जंक्शनवर उतरायचा. तेव्हा असे आवार पाहताना पहिला प्रश्न विचारावा: मुख्य इमारतीचे तोंड कोणाकडे आहे? रस्त्याकडे, रुळाकडे, गावाकडे की आतल्या मैदानाकडे? आजचे फाटक हेच मूळ फाटक असेल असे धरून चालू नये. १९७० च्या सुमारास पुणे–मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला, रस्ते रुंद झाले, बस आली. अशा बदलांत आवारांची पुढची बाजू मागची होते. जुने दगडी खांब, निष्कारण रुंद वाटणारी वाट, कुठेच न जाणारी झाडांची दुतर्फा रांग अशा खुणांवरून मूळ प्रवेश ओळखता येतो.

जिल्हा कोणता, दफ्तर कोणते

कागद शोधायला निघालेला तरुण संशोधक पहिली ठेच इथेच खातो. आजचा सांगली जिल्हा १९४९ पूर्वी अस्तित्वातच नव्हता. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले आणि सातारा हा मुंबई इलाख्याचा जिल्हा बनला. तासगाव, वाळवा, शिराळा, खानापूर हे तालुके त्या जिल्ह्यात होते. सांगली आणि मिरज मात्र संस्थानी मुलूख. मार्च १९४८ मध्ये दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. म्हणजे एकाच जिल्ह्यात इस्लामपूरच्या एखाद्या शाळेची १९३० मधली फाईल इंग्रजी अमलाच्या दफ्तरात आणि विश्रामबागेतल्या जमिनीचा त्याच वर्षाचा कागद संस्थानी दफ्तरात. शोध पुणे आणि कोल्हापूर इथल्या पुराभिलेखागारांपासून सुरू करावा लागतो, आणि मोडी वाचता येणारे माणूस सोबत असावे लागते.

जमिनीचा इतिहास सांगणारा सर्वांत नेमका कागद म्हणजे फेरफार. सातबारा आजची स्थिती सांगतो, तर ती कशी झाली हे फेरफार सांगतो: खरेदीने, बक्षीसपत्राने, संपादनाने की इनाम खालसा होऊन. इथे एक खाचखळगा आहे. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्यानंतर बऱ्याच गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना दस्त सर्व्हे नंबरात बोलतो आणि आजचा उतारा गट नंबरात. दोन्हींची जोड घालणारे पत्रक भूमी अभिलेख कार्यालयातून मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नये, नाहीतर भलत्याच शेताचा इतिहास महाविद्यालयाच्या माथी बसतो. शहराच्या हद्दीत आलेल्या जागांना सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक असते. मोजणीचे जुने नकाशे आणि टिपणेही काढावीत. त्यांवर विहीर, पायवाट, बांध, कधीकधी झाडसुद्धा दाखवलेले असते.

भारतीय सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे दुसऱ्या अंगाने उपयोगी पडतात. सांगली-मिरजेचा एक इंचाला एक मैल मापाचा नकाशा ४७ एल/९ या क्रमांकाचा. साताऱ्यासाठी मात्र दोन नकाशे जोडावे लागतात, कारण ७४ अंश पूर्व रेखावृत्त शहरातूनच जाते आणि गाव ४७ जी व ४७ के अशा दोन पत्रकांत विभागलेले आहे. त्यानंतरच्या काळासाठी एक अनपेक्षित साधन आहे. शीतयुद्धात अमेरिकेने ‘कोरोना’ या हेर-उपग्रहांनी १९६० ते १९७२ दरम्यान काढलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली. त्यांत भारताचा मोठा भाग आहे. चित्र धूसर असते, पण इमारत उभी होती की नव्हती, भोवती शेत होते की वस्ती, एवढे त्यातून ठरवता येते.

आणखी एक खजिना कोणी उघडत नाही तो म्हणजे संलग्नतेच्या फाइली. विलिंग्डन आधी मुंबई विद्यापीठाला, मग १९४९ पासून पुणे विद्यापीठाला, मग १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झाल्यावर कोल्हापूरला जोडले गेले. नवा विषय, नवी शाखा, नवी प्रयोगशाळा मागितली की विद्यापीठाची चौकशी समिती येते, खोल्या मोजते, ग्रंथालयातल्या खुर्च्या मोजते, वसतिगृहाच्या संडासांची संख्या लिहिते. हे अहवाल नीरस असतात आणि म्हणूनच विश्वासाचे असतात. शताब्दी ग्रंथात ‘भव्य ग्रंथालय’ लिहिलेले असते, तर समितीच्या अहवालात त्याच ग्रंथालयाची लांबी-रुंदी आणि अपुऱ्या उजेडाची तक्रार असते. सोसायटीचे वार्षिक अहवाल पुण्यात पाहावेत. इमारत निधीत कोणत्या वर्षी किती पैसे आले आणि काम कधी अडले हे तिथे कळते.

कौल, तुळई आणि टाकीचा घाव

कागद नसला तरी इमारत गप्प बसत नाही. जुन्या महाविद्यालयाच्या माळ्यावर चढून एक सुटे पडलेले मंगलोरी कौल उचलावे आणि उलटे करावे. मागच्या बाजूला कारखान्याचे नाव उठवलेले असते. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, १८६८ मध्ये आल्बुकर्क कंपनीने काढला, आणि त्यानंतर त्या किनाऱ्यावर कारखान्यांची रांगच लागली. नवशिका इथे हमखास फसतो. कौलावर ‘१८६५’ दिसले की तो इमारत १८६५ ची ठरवतो. ते कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष आहे आणि पुढे कितीतरी दशके तोच साचा चालू होता. खरी तारीख नावात दडलेली असते. पहिल्या महायुद्धात जर्मन-स्विस मिशनची मालमत्ता इंग्रजांनी ताब्यात घेतली आणि नंतर हे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या नव्या कंपनीकडे गेले. कौलावर ‘कॉमनवेल्थ’ असेल, तर ते युद्धानंतरचेच.

हीच गोष्ट लोखंडाची. तुळईच्या पोटावर रंगाचे थर असतात. ते हलक्या हाताने खरवडले की उठावाची अक्षरे वर येतात. ‘डॉर्मन लाँग’ असेल तर गर्डर इंग्लंडहून बोटीने आला. ‘टाटा’ असेल तर तो जमशेदपूरच्या कारखान्याचा, म्हणजे १९१२ नंतरचा. सागवान ब्रह्मी आहे का, हे जाणकार सुतार रंध्रावरून आणि तुळईच्या लांबीवरून सांगतो. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर ती आवक थांबली. त्याच काळात सिमेंट आणि लोखंडावर सरकारी नियंत्रण होते. त्यामुळे १९४० च्या दशकातल्या इमारतींत अचानक भिंती जाड होतात, चुना परत येतो, गाळे आखूड होतात. ती वास्तुशिल्पाची आवड नव्हे, टंचाई आहे.

एक पथ्य पाळावे. जुन्या वाड्याचे सागवान नव्या इमारतीत लावणे ही आपल्याकडची सर्रास रीत होती. म्हणून सर्वांत जुन्या वस्तूवरून इमारतीचे वय ठरवू नये. मूळ बांधकामातली सर्वांत नवी वस्तू कोणती, ते शोधावे. इमारत तिच्याहून जुनी असू शकत नाही.

दगडाकडेही जवळून पाहावे. आपला दगड काळा पाषाण, पाथरवटाच्या छिन्नीला चिवट. दर्शनी भिंतीवर घडीव दगड, सारख्या थरांत, बारीक सांध्यांचा, आणि मागच्या भिंतीला अनघड, असे बहुतेक जुन्या इमारतींत आढळते. पैसा कुठे संपला हेही तिथेच कळते. दगडावरचे टाकीचे घाव हाताच्या वळणाने एका बाजूला कललेले असतात. सांध्यांतली भर चुन्याची आहे की सिमेंटची, हे नखाने तपासता येते. चुन्याच्या भिंतीच्या सांध्यांत नंतर कोणी सिमेंट भरले असेल, तर भिंतीत ओल कोंडते आणि दगडाच्या कडा झडू लागतात. कळकळीने केलेल्या अशा दुरुस्तीने जुन्या इमारतींचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे पावसानेही केलेले नसेल.

भिंतीवरच्या भेगांनाही तारीख असते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत दगडी बांधकामे हादरली. कमानीच्या डोक्यावरची भरलेली भेग, भिंतीच्या बाहेर दिसणारी लोखंडी ताणपट्टीची चकती, दगडी मजला उतरवून त्याजागी घेतलेला हलका माळा अशा खुणा दिसल्या की १९६८ च्या दुरुस्तीच्या नोंदी काढून पाहाव्यात. कृष्णाकाठच्या काळ्या मातीतल्या भेगा मात्र वेगळ्या. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मुरुमापर्यंत न गेलेल्या पायावरची भिंत वर्षातून एकदा उघडते आणि एकदा मिटते. अशी भेग मे महिन्यात एक बोट जाईल एवढी असते आणि सप्टेंबरात दिसतही नाही.

झाडांची साक्ष

झाडांनाही पिढ्या असतात. वड, पिंपळ, चिंच, आंबा ही बहुधा महाविद्यालय येण्याआधीची, बांधावरची किंवा रस्त्याकडेची. गुलमोहर मादागास्करचा, वर्षावृक्ष दक्षिण अमेरिकेतला. हे इंग्रजी अमलात रस्त्यांच्या आणि बागांच्या सावलीसाठी आले. साताऱ्यात गुलमोहर इतका रुजला की गेली अनेक वर्षे १ मे हा दिवस तिथले कलावंत गुलमोहराच्या सावलीत चित्रे काढून, कविता वाचून साजरा करतात. निलगिरी आणि सुबाभळीचा पट्टा दिसला की तो सामाजिक वनीकरणाच्या, म्हणजे १९८० च्या आसपासच्या काळातला असण्याचा संभव मोठा. गिरिपुष्पाचे कुंपणही साधारण त्याच पिढीचे. झाडाचे वय खोडाच्या घेरावरून छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पाणी मिळालेला वर्षावृक्ष झपाट्याने वाढतो आणि माळावरचा कडुलिंब तेवढ्याच वर्षांत निम्मा राहतो. आपल्या हवामानात बहुतेक झाडांची वार्षिक वर्तुळेही स्पष्ट नसतात. सागवान हा त्याला ठळक अपवाद आहे. वादळात पडलेल्या सागाचा बुंधा लाकूडतोड्याने नेण्याआधी त्याची एक चकती मागून घ्यावी.

पाण्याचा हिशेबही याच्याच जोडीचा आहे. सांगलीला वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. साताऱ्याला त्याहून बराच जास्त, आणि डोंगरावर महाबळेश्वरला त्याच्या कितीतरी पट. माळावरच्या आवारात आधी विहीर आणि मग इमारत, हा क्रम असायचा. विहिरीच्या कडेवरची मोटेची धाव, नंतरचा इंजिनाचा कट्टा, त्यानंतरची विजेच्या मोटरची पेटी, हे तिन्ही थर एकाच ठिकाणी सापडतात. १९७२ च्या दुष्काळात खोल केलेल्या विहिरीच्या तळाशी सुरुंगाची भोके राहिलेली दिसतात.

जिथे वास्तुविशारद नव्हता

आता साताऱ्याकडे यावे, कारण खरी कसोटी तिथे लागते. विलिंग्डनसारख्या आवाराला नकाशे, ठराव, अंदाजपत्रके असतात. रयतच्या सुरुवातीच्या वास्तूंच्या मागे तसा कागद फारसा नव्हता, कारण तसा पैसाही नव्हता. १९२४ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. १९३५ मध्ये शिक्षक घडवणारे अध्यापन विद्यालय, १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, जून १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय अशी ती वाढ झाली. २०२१ मध्ये साताऱ्यातल्या संस्थेच्या महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. म्हणजे विद्यापीठ अगदी नवे, आणि त्याचे आवार त्याच्याहून पाऊणशे वर्षांनी जुने.

या आवाराची सर्वांत महत्त्वाची वास्तू कोणती, असे मला विचारले तर मी स्वयंपाकघर म्हणेन. त्या काळची वसतिगृहे जातवार होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांसाठी वेगवेगळी बोर्डिंगे उभी केली, कारण त्याशिवाय त्या मुलांना शहरात राहायला जागाच मिळत नव्हती. भाऊराव स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले. साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींची मुले एका छपराखाली आणली आणि एका पंगतीला बसवली. १९२० च्या दशकात हा निर्णय चुलीपाशी, पाण्याच्या हौदापाशी आणि जेवणाच्या ओळीत अंमलात यायचा होता. एक चूल, एक पाणवठा, एक पंगत. वसतिगृहाचा आराखडा काढताना स्वयंपाकघरे किती, पिण्याच्या पाण्याची ठिकाणे किती आणि ती एकमेकांपासून किती लांब, हे मोजले की त्या संस्थेचा समाजविचार कळतो. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी मुलांच्या धान्यासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या चुलीसाठी ते मोडले, तिची जागा आवाराच्या नकाशावर दाखवलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट श्रमाची. रयतच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत विद्यार्थी शेती करत, खडी फोडत, विटा पाडत, बांधकामावर राबत. फी भरायला पैसा नसलेला मुलगा हाताने शिक्षणाची किंमत चुकती करी. आपल्या इतिहासलेखनात इमारतीखाली वास्तुविशारदाचे नाव येते, कंत्राटदाराचे येते, कोनशिला बसवणाऱ्या पाहुण्याचे तर हमखास येते. गवंडी, पाथरवट, वडार, मातीची पाटी उचलणारी बाई यांचे नाव येत नाही. रयतच्या आवारात ही नावे सापडण्याची शक्यता आहे, कारण राबणारे हात शाळेच्या पटावर होते. कामाचे हजेरीपट, तासांच्या नोंदी, धान्याच्या वह्या, देणगीच्या पावत्यांची स्थळप्रत, हे या वास्तूंचे खरे आराखडे आहेत. कोणत्या उन्हाळ्यात कोणती मुले किती तास दगडावर होती, हे त्या वह्यांतून जुळवता आले, तर भारतातल्या फार थोड्या शैक्षणिक वास्तूंना मिळालेला इतिहास या आवाराला मिळेल. बॅरिस्टर पी. जी. पाटलांनी ‘बाउंटियस बॅन्यन’ हे कर्मवीरांचे मोठे चरित्र लिहिले. तेही याच वसतिगृहातून वर आलेले. अशा चरित्रांत आणि आत्मचरित्रांत खोल्यांची, शेतांची, कामांची ओझरती वर्णने असतात. ती एकत्र करून नकाशावर मांडावी लागतात.

आणि माणसे. भाऊराव १९५९ मध्ये गेले. त्यांच्या हाताखाली राबलेले विद्यार्थी आज पंच्याऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे जाऊन ‘भाऊराव अण्णांविषयी सांगा’ म्हटले, तर ते कार्यक्रमात करतात तेच भाषण करतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना आवारात आणावे. चालवत नसेल तर जुना नकाशा आणि फोटो समोर ठेवावेत आणि साधे प्रश्न विचारावेत. झोपायचात कुठे? अंघोळीचे पाणी कुठून काढायचात? भाकरी कुठे बसून खायचात? खडी कुठल्या खाणीतली? पहार कोणाकडून मिळायची? पावसात कुठली भिंत गळायची? माजी विद्यार्थिनी असतील तर मुलींची खोली कुठे होती आणि तिथे जायची वाट कोणासमोरून जायची, हे विचारावे. मग माणूस बोट दाखवू लागतो, आणि त्या बोटाने दाखवलेली जागा कुठल्याच फायलीत नसते.

विश्रामबागेलाही हे प्रश्न विचारले पाहिजेत. तिथे गुरुदेव रानडे शिकवत होते, विनायक कृष्ण गोकाक प्राचार्य होते, पु. ल. देशपांडे एम. ए. साठी तिथे होते. या नावांची उजळणी होतेच. पण त्या काळातला माळी कोण होता, खानावळ कोण चालवत होते, प्रयोगशाळेतला गॅस कसा तयार होत होता आणि मैदान सपाट करणारा दगडी रूळ कोणी ओढला, हे विचारले की आवाराचा इतिहास पुरा होऊ लागतो.

आता करायचे काम

घाईचे कारण आहे. २०१९ च्या पुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके पाण्यात गेली. महाविद्यालयांची जुनी कागदपत्रे बहुतेक ठिकाणी तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, मोडक्या बाकांसोबत असतात. मूल्यांकन समिती यायची म्हटली की साफसफाईत पहिली बाहेर पडतात ती हीच. बांधकाम विभागाचे नकाशे निळ्या छापाचे असतात, उजेडात फिकट होतात आणि घडीवर तुटतात. ते उलगडून सपाट ठेवावेत, वरून छायाचित्र घ्यावे, आणि पहिल्या मजल्यावर लोखंडी कपाटात न्यावेत. हे काम इतिहास विभागाचा एक वर्ग मिळून एका सत्रात करू शकतो, आणि वास्तुशास्त्र वा स्थापत्य शाखेचे विद्यार्थी मोजमापे घेऊ शकतात. सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय विलिंग्डनच्या शेजारीच आहे. साताऱ्यात तर विद्यापीठाला स्वतःच्याच आवारावर संशोधन प्रकल्प देता येतील. माझ्या मते नव्या विद्यापीठाने पहिल्या काही वर्षांत करायच्या कामांत हे वरच्या क्रमांकावर असायला हवे.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचे वडील, आजोबा, आत्या किंवा मामी विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या बोर्डिंगात शिकले असतील, तर घरची जुनी ट्रंक या सुट्टीत उघडा. वर्गाचा ग्रुप फोटो, वसतिगृहाची पावती, ओळखपत्र, गॅदरिंगची पत्रिका, काहीही चालेल. फोटोत माणसांच्या मागे जी भिंत, जे झाड, जी पायरी दिसते तीच संशोधकाला हवी आहे. मागच्या बाजूला ठिकाण, साल आणि ओळखता येतील तेवढी नावे पेन्सिलीने लिहा, मूळ प्रत घरी ठेवा आणि एक नक्कल महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नेऊन द्या.